हिकपमध्ये खोकला कुठून घुसला?

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एखाद्या ऑफिसात सकाळी मेल येतो: ‘काल रात्री सर्व्हरमध्ये छोटासा हिकप आला होता, आता सगळं सुरळीत आहे.’ त्याच सुमारास घरी आजी नातीपुढे पाण्याचा पेला धरून विचारत असते, ‘उचकी लागली का गं? कोण आठवण काढतंय?’ शब्दकोश उघडला तर दोन्हीकडे एकच शब्द सापडतो. हिकप म्हणजे उचकी. पण मेलचं मराठी ‘सर्व्हरला उचकी लागली’ असं केलं तर लोक हसतील, आणि आजीचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेलं तर समोरच्याला उचकीचा आणि आठवणीचा संबंधच कळणार नाही. आवाज एक, पण इंग्रजीने त्यातून एक अर्थ काढला आणि मराठीने दुसरा. त्यात इंग्रजीने स्पेलिंगचाही गोंधळ घालून ठेवला आहे. सुरुवात त्या गोंधळापासूनच करू.

इंग्रजीत या शब्दाची दोन स्पेलिंगं चालतात. पहिलं सरळ आहे: एच-आय-सी-सी-यू-पी. दुसरं एच-आय-सी-सी-ओ-यू-जी-एच. या दुसऱ्याच्या शेवटी ‘खोकला’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आख्खाच्या आख्खा बसलेला आहे, तोच जो औषधाच्या दुकानात आपण ‘कफ सिरप’ म्हणताना उच्चारतो. त्यामुळे हे स्पेलिंग पहिल्यांदा वाचणारा ‘हिकफ’ किंवा ‘हिकॉफ’ म्हणून मोकळा होतो. ते चूक आहे. स्पेलिंग कुठलंही असो, उच्चार ‘हिकप’च. खोकला कागदावर घुसला, तोंडात शिरू शकला नाही.

आणि घुसला तोही चुकीच्या घरात, कारण उचकी ही शरीराच्या दृष्टीने खोकल्याच्या बरोबर उलट क्रिया आहे.

घशात स्वरयंत्रापाशी एक दार असतं. ते दोन स्वरतंतूंचं बनलेलं असतं. दार उघडं असलं की श्वास आत-बाहेर होतो, बंद झालं की हवा अडते. खोकताना आधी आपण श्वास भरून घेतो, मग हे दार घट्ट मिटतं, छाती-पोटाचे स्नायू आतल्या हवेवर दाब देतात आणि दार एकदम उघडून हवा बाहेर फुटते. उचकीत क्रम आणि दिशा दोन्ही फिरतात. फुफ्फुसांखाली घुमटासारखा पसरलेला स्नायू म्हणजे श्वासपटल. तो आपल्याला न विचारता झटक्याने आकसतो, बरगड्यांमधले स्नायूही त्याला साथ देतात, हवा उघड्या दारातून आत धावते आणि दार धाडकन मिटतं. हे मिटणं आकसायला सुरुवात झाल्यापासून साधारण ३५ मिलिसेकंदांत होतं, म्हणजे सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातल्या ३५ भागांत. आत निघालेली हवा वाटेतच अडते. ‘हिक्’ हा आवाज त्या दार मिटण्याचा.

मुंबईकराला हे एसी लोकलवरून चटकन कळेल. दारं बंद आहेत, आत गर्दी दाटली आहे, दादर आलं, दारं उघडली आणि माणसं बाहेर सांडली, हा खोकला. दारं उघडी आहेत, फलाटावरची गर्दी आत घुसायला धावली आणि चार माणसं चढताहेत तोच दारं मिटली, ही उचकी.

खरं-खोटं करायचं असेल तर पुढच्या वेळी उचकी लागल्यावर आरशासमोर उभं राहा आणि एक तळहात बरगड्या संपतात तिथे, पोटाच्या वरच्या भागावर ठेवा. आवाज यायच्या किंचित आधी हाताला धक्का जाणवेल. खांदे वर उडतात, मानेच्या खळीत कातडी आत ओढली जाते. तोंडासमोर हात धरला तर हवेचा फुत्कार लागत नाही, जो खोकताना हमखास लागतो.

म्हणूनच हा आवाज अक्षरात पकडणं अवघड जातं. आपण बोलतो ते जवळजवळ सगळं बाहेर जाणाऱ्या श्वासावर. आत ओढून काढलेले आवाज बोलण्यात फार थोडे. कुणाचं वाईट झालं की आपण जिभेने ‘च्च च्च’ करतो, तो त्यातला एक. लिहिताना त्याला आपण ‘च’ देतो, पण तो ‘चमचा’तला च नव्हे, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. उचकीचंही तसंच. आत धावणाऱ्या हवेला भाषा ‘ह’ देते आणि दार आपटण्याला ‘क’. खऱ्या उचकीत जिभेने केलेला ‘क’ नसतोच, कारण हवा त्याच्याही खाली, स्वरयंत्रात अडलेली असते. पण आपल्या वर्णमालेत त्या आपटण्याच्या सर्वात जवळचा ‘क’ आहे, म्हणून तो घेतला.

आता गर्दीच्या वेळचा लोकलचा एखादा डबा घ्या. गुजराती बाई उचकीला हेडकी म्हणेल, उत्तर प्रदेशातला माणूस हिचकी, बंगाली हेंचकी, तमिळ विक्कल, तेलुगू एक्किळ्ळु, कन्नड बिक्कळिके. काही मराठी घरांत उचकीऐवजी गुचकी ऐकू येते. यातल्या कुठल्याही शब्दातून ‘क’ सुटलेला नाही, आणि दक्षिणेकडच्या तिन्ही शब्दांत तर तो जोडाक्षर होऊन आपटतो. संस्कृतात हिक्का. पाणिनीय धातुपाठात ‘हिक्क’ धातूचा अर्थच ‘अव्यक्त शब्द करणे’ असा दिला आहे, अव्यक्त म्हणजे ज्यात अक्षरं सुटी ऐकू येत नाहीत असा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला सतरावा अध्याय हिक्का आणि श्वास यांच्यावर आहे आणि त्यात उचकीचे पाच प्रकार सांगितले आहेत: महाहिक्का, गंभीरा, व्यपेता, क्षुद्रा आणि अन्नजा. घाईघाईत वडापाव कोंबल्यावर लागते ती अन्नजा.

युरोपात गेलो तर डच हिक, स्वीडिश हिका, डॅनिश हिक्के, रशियन इकोता. इथे कुणाच्याही मनात येईल की इंग्रजी हिकप संस्कृत हिक्केवरूनच आला असणार. व्हॉट्सॲपवर असं वाक्य वर्षातून दोनदा तरी फिरतं. दिसायला पटतं, पण भाषाशास्त्राच्या साध्या नियमातच ते अडतं. संस्कृत आणि इंग्रजी एका दूरच्या पूर्वज भाषेतून आल्या हे खरं. पण दोघींकडे वारशाने आलेल्या शब्दांत ध्वनी ठरावीक पद्धतीने बदललेले दिसतात. संस्कृत ‘ह’च्या जागी इंग्रजीत साधारणपणे ‘ग’ येतो: हंस आणि गूज. संस्कृत ‘क’च्या जागी ‘ह’ येतो: कः आणि हू, म्हणजे ‘कोण’. (हृदय आणि हार्ट ही जोडी या नियमाला बसत नाही. ती प्रसिद्ध अपवादांपैकी आहे.) हिक्का वारशाने इंग्रजीत पोचला असता तर त्याची सुरुवात ‘ग’ने व्हायला हवी होती आणि मधला ‘क’ही टिकला नसता. दोन्ही शब्द इतके सारखे आहेत हाच ते वारशाने आले नसल्याचा पुरावा. दोन्हीकडच्या माणसांनी एकच आवाज ऐकला आणि आपापली नक्कल केली. कावळ्याला काव-काव म्हणायला कुणाकडून शब्द उसना आणावा लागत नाही.

सगळ्यांनी नक्कलच केली असंही नाही. लॅटिनमध्ये उचकीला सिंगुल्टुस म्हणत आणि त्याचा अर्थ हुंदकाही होता. डॉक्टरांच्या कागदांवर आजही हाच शब्द दिसतो. फाइलवर ‘सिंगल्टस’ लिहिलेलं पाहून कुठला नवा आजार निघाला म्हणून घाबरू नका, ती उचकीच. इटालियन आणि पोर्तुगीजमध्येही उचकी आणि हुंदका यांना एकच शब्द आहे. हिंदीत रडून रडून ‘हिचकियाँ’ येतात. मराठीने मात्र दोन्ही काटेकोर वेगळे ठेवले. हुंदका दुःखाचा, उचकी पोटाची, आणि घास चुकीच्या वाटेला गेला तर ठसका. या बाबतीत आपली भाषा इटालियन-पोर्तुगीजपेक्षा नेमकी आहे असं म्हणायला हरकत नाही.

‘उचकी’ची घडणही पाहण्यासारखी आहे. टिचकी, डुलकी, गिरकी, डुबकी, उचकी. क्षणात होऊन संपणाऱ्या छोट्या हालचालींना मराठी ‘की’ लावते आणि त्यांना स्त्रीलिंगी करते. गंमत म्हणजे इंग्रजीनेही असंच काहीसं केलं होतं.

इंग्रजीत उचकीला आधी ‘येक्स’ असा एक जुना शब्द होता. तोही हुंदका आणि उचकी दोन्हींसाठी चाले. सोळाव्या शतकात त्याच्या शेजारी नवे नकली शब्द उगवू लागले: हिकॉक, हिकेट. ‘हिक’ हा आवाज, त्यापुढे लहानपणा दाखवणारी शेपटी. ही ‘ऑक’ शेपटी टेकाडासाठीच्या ‘हिलॉक’मध्ये आजही आहे. याच शतकाच्या उत्तरार्धात ‘हिकप’ दिसू लागतो. तेव्हा स्पेलिंग पक्की नव्हती, लिहिणारा कानाने ऐके आणि हाताला येईल तसं लिही. अशा वातावरणात कुणाला तरी वाटलं की शेवटचा तुकडा खोकल्याचाच असणार. घशातून येतो, आपोआप येतो, आवाज होतो, मग खोकला नाही तर काय? सतराव्या शतकात खोकलेवालं स्पेलिंग छापलेलं सापडतं. त्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक इंग्रज विचारवंत फ्रान्सिस बेकनच्या १६२६ मध्ये निघालेल्या निसर्गविषयक ग्रंथातलं आहे. शिंक आली की उचकी थांबते, हे जुन्या लोकांचं निरीक्षण तिथे नोंदवलं आहे. ते जुने लोक म्हणजे ग्रीक. हिपोक्रेटिस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावाने चालत आलेल्या सूत्रांत ते आहेच. ही शिंक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात खोकलेवालं स्पेलिंग घेतलं, आणि त्याच्या वजनामुळे ते सुशिक्षितांचं मानलं जाऊ लागलं. पुढे ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनी या शब्दाखाली स्पष्ट लिहिलं की हे स्पेलिंग गैरसमजातून आलं आहे, उच्चारावर त्याचा परिणाम झालेला नाही आणि ते निव्वळ चूक म्हणून सोडून द्यावं. तरीही ते मेलं नाही. आजच्या कोशांत ते दुसरा पर्याय म्हणून टिकून आहे. परीक्षेत लिहायचं असेल, मेलमध्ये वापरायचं असेल, तर सरळ ‘यू-पी’वालं लिहा. दुसरं चूक धरणार नाहीत, पण त्यातून मिळत काहीच नाही.

न कळलेल्या शब्दाच्या तुकड्यात ओळखीचा शब्द दिसायला लागणं, याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. मुंबईकराला याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. ‘बॉम्बे’ हे नाव पोर्तुगीज ‘बोम बाइया’, म्हणजे ‘चांगली खाडी’, यावरून आलं असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. पोर्तुगीजमध्ये बाइया स्त्रीलिंगी आहे. तिला ‘बोम’ हे पुल्लिंगी विशेषण लागतच नाही, ‘बोआ’ लागतं. नाव मुंबादेवीचं, परक्या कानाने ते आपल्या भाषेतल्या शब्दांत बसवलं आणि मागाहून त्याला अर्थ चिकटला. आयलंड या शब्दातला न उच्चारला जाणारा एसही असाच. मुळात तो तिथे नव्हता. लॅटिनवरून आलेल्या ‘आइल’शी नातं असेल असं समजून मागून घातला गेला. आणि आपल्या ‘कफ सिरप’चं काय? इंग्रजी शब्दाचा अर्थ खोकला, संस्कृत कफाचा अर्थ छातीत साठणारा चिकट द्रव. दोन्हींचा काही संबंध नाही. तरी आपल्या कानांनी दोघांना एक केलं आणि कोरड्या खोकल्याच्या औषधालाही आपण ‘कफाचं औषध’ म्हणतो. इंग्रजांना हसण्याआधी हे आठवलेलं बरं.

आता मेलमधल्या हिकपकडे. चालू असलेलं काहीतरी क्षणभर अडतं आणि परत चालू होतं, हा अर्थ इंग्रजीत विसाव्या शतकात रुळला. शेअर बाजार, यंत्रं, योजना यांच्याविषयी लिहिताना तो वापरू लागले. पण उचकीत ‘खंड’ ऐकण्याची कल्पना त्याहून फार जुनी आहे. जुन्या फ्रेंचमधल्या ‘होके’चे अर्थ उचकी आणि धक्का असे दोन्ही. मध्ययुगीन चर्चसंगीतात याच नावाची एक तऱ्हा होती, इंग्रजीत तिला हॉकेट म्हणतात. एकच सुरावट दोन-तीन आवाजांत तोडून वाटायची. एक गातो तेव्हा दुसरा गप्प, लगेच उलट, त्यामुळे गाणं उचक्या देत चाललंय असं वाटे. पोप जॉन बाविसावे यांना हे इतकं खटकलं की १३२४-२५ च्या त्यांच्या आज्ञापत्रात या तऱ्हेवर टीका आहे.

हिकप हा शब्द वापरताना त्याचं वजन सांभाळावं लागतं. उचकी आपोआप येते, कुणाचा दोष नसतो, थोड्या वेळाने जाते आणि मागे काही राहत नाही. या चारही गोष्टी शब्दाबरोबर येतात. म्हणून पैसे अडकले, चार तास लोकांचं काम ठप्प झालं, कुणाचा डेटा गेला, अशा वेळी ‘मायनर हिकप’ लिहिणं म्हणजे चूक झाकणं. वाचणाऱ्याला ते बरोबर कळतं आणि त्याचा राग वाढतो. हिकपच्या शेजारचे शब्द वेगळे आहेत. ग्लिच म्हणजे यंत्रणेतली घसरण. हा शब्द ‘घसरणे’ या अर्थाच्या यिद्दिश-जर्मन शब्दावरून आल्याचं मानतात, आणि अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमातून तो जगभर गेला. स्नॅग म्हणजे मुळात नदीच्या पाण्यात बुडालेला, नावेला लागणारा झाडाचा बुंधा, म्हणजे वाट अडवणारी ठोस गोष्ट. ती काढल्याशिवाय जात नाही. हिकप आपोआप जातो.

मराठीत काय म्हणायचं? वेळ गेला असेल तर खोळंबा. लोकल ‘खोळंबते’, तिला दुसरा शब्द शोभतही नाही. कुणाच्या हातून गडबड झाली असेल तर घोळ. बाहेरून काही आडवं आलं तर अडथळा. स्टेशनवरची घोषणा ‘तांत्रिक बिघाड’ म्हणते, जो सगळ्यांना पुरतो आणि काहीच सांगत नाही. आणि सगळं जुळत आलेलं असताना ऐनवेळी, कारण न कळता काम फिसकटलं तर आपण विचारतो, ‘कुठे माशी शिंकली?’

म्हणजे जिथे इंग्रज उचकी देतो तिथे मराठी माणूस शिंकतो, तेही माशीच्या नाकाने. शिंकेला आपल्याकडे अपशकुनाची जोड आहे. निघताना कुणी शिंकलं की माणूस पाऊल थांबवतो, म्हणून काम अडण्याचा शब्द शिंकेकडे गेला. उचकीकडे आठवण गेली. हिपोक्रेटिसच्या सूत्रात शिंक उचकीला थांबवते, आपल्या वाक्प्रचारात तिने उचकीची जागाच घेतली. मात्र ‘माशी शिंकली’ जपून वापरा. त्यात उपरोध आहे. मित्राला विचारायला छान, साहेबांना पाठवायच्या पत्रात नको. आणि ती नेहमी काम जुळत आल्यावरच शिंकते, सुरुवातीला नाही.

अडखळण्याचा अर्थ मराठीच्या अगदीच बाहेर राहिला असंही नाही. हिचकी शेजारणीकडे राहिली, पण ‘हिचकिचाट’ आपल्या घरात आहे, आणि ही जोडी कानाला लगेच जुळते. बोलता बोलता, पाऊल टाकता टाकता मधेच अडणं.

व्याकरणातली एक गोष्ट भाषांतर करणाऱ्यांना हमखास चकवते. इंग्रजीत उचकीच्या सत्राला अनेकवचन लागतं, ‘हिकप्स’. एकवचन म्हणजे एकच झटका. मराठीत सत्राला एकवचन, ‘मला उचकी लागली’. झटके मोजायचे तेव्हा ‘दहा उचक्या आल्या’. ‘लागली’ हे क्रियापद सगळं सांगून जातं. तहान लागते, भूक लागते, ठसका लागतो, उचकी लागते. मी केलेलं काही नाही, मला झालेलं आहे. इंग्रजीत हिकप सरळ क्रियापद म्हणूनही चालतो, आणि भूतकाळात शेवटचा पी एकदा लिहा की दोनदा, दोन्ही बरोबर.

आता खरोखरच उचकी लागली असेल तर. मिनिटाला साधारण ४ ते ६० असा तिचा वेग असतो, आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत ती स्वतःच थांबते. कारण बहुधा पोटात सापडतं. भरभर खाणं, सुक्या लसणीच्या चटणीचा झणका, त्यावर गटागटा थंड सोडा, दारू. पोट फुगलं की वरच्या श्वासपटलाला डिवचतं. मानेतून उतरणारी फ्रेनिक नर्व्ह आणि पोटापर्यंत जाणारी व्हेगस नर्व्ह यांच्यातून निरोप मेंदूच्या खोडाकडे जातात आणि तिथून झटक्याचा हुकूम येतो.

घरगुती उपायांपैकी जे कामाचे आहेत ते दोनच गोष्टी करतात. एक, रक्तातला कार्बन डायऑक्साइड थोडा वाढवतात. दोन, घशातून व्हेगसला दुसरं काहीतरी काम देतात. श्वास भरून १० ते २० सेकंद रोखणं पहिल्यात मोडतं. थंड पाणी न थांबता छोट्या घोटांनी पिणं दोन्हींत. एक चमचा कोरडी साखर जिभेवर घेऊन गिळणं दुसऱ्यात. १९७१ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २० रुग्णांवरची नोंद छापून आली होती, त्यातल्या १९ जणांची उचकी साखरेने थांबली. मात्र तिथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि मधुमेह्यांनी हा उपाय सोडावा. डोळे दाबणं करू नका, त्याने हृदयाचे ठोके एकदम मंदावू शकतात. खाली वाकून उलटं पाणी पिताना ठसका लागला तर उचकी बरी म्हणायची वेळ येते. एकेक नातेवाइकाचं नाव घेत ‘हा आठवण काढतोय का?’ असं म्हणण्याचा आपल्याकडचा उपाय पुष्कळदा लागू पडतो, कारण यादी संपेपर्यंत उचकीची वेळ तशीही भरलेली असते.

तान्ह्या बाळाला उचकी लागली तर दूध थांबवून खांद्यावर घ्या, ढेकर काढा. कपाळावर ओला दोरा चिकटवायचा असेल तर चिकटवा, त्याने अपाय नाही. मध मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नका, त्यातून बोट्युलिझमचा गंभीर आजार होऊ शकतो. पोटातलं बाळही उचक्या देतं. आईला ते तालात येणाऱ्या बारीक धक्क्यांसारखं जाणवतं. पण तिथे हवा नाही, त्यामुळे ‘हिक्’ नाही. ज्या आवाजावरून जगभर शब्द पडले, तो आवाजच नसलेली ही उचकी.

४८ तासांपेक्षा जास्त टिकली तर डॉक्टर गाठा. महिन्यावर गेली तर तिला वैद्यकीय भाषेत हटवादी उचकी म्हणतात. मूत्रपिंडाचे विकार, रक्तातलं सोडियम घसरणं, काही औषधं, मेंदूच्या खोडातला पक्षाघात (स्ट्रोक) अशी कारणं असू शकतात. उचकीबरोबर तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं, चालताना तोल जाणं यांतलं काही दिसलं तर दोन दिवस थांबायचं नाही, तेव्हाच दवाखाना. अमेरिकेतल्या चार्ल्स ऑस्बॉर्न यांना १९२२ मध्ये लागलेली उचकी १९९० मध्ये थांबली. ६८ वर्षं. तिला कुणी हिकप म्हणालं तरी ‘छोटासा’ हे विशेषण लावायची हिंमत होऊ नये.

राहिलं आजीचं वाक्य. ‘कोण आठवण काढतंय?’ रशियन माणसाला ते लगेच समजेल, कारण तिकडेही उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय असं म्हणतात. इंग्रजाला समजणार नाही. त्याच्याकडे पाठीमागे कुणी बोलत असेल तर कान गरम होतात, उचकी लागत नाही. म्हणून मराठी कथेतली उचकी इंग्रजीत नेताना एकतर वाक्य लांबवून श्रद्धा सांगावी लागते, नाहीतर उचकीच्या जागी कान ठेवावे लागतात. कान ठेवले तर आजीच्या हातातल्या पाण्याच्या पेल्याचं काय करायचं, हे भाषांतरकाराने ठरवायचं.